मालकीच्या छोट्या झाडीतून ओंडके ओढायला कोणतं साधन घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक ते पाच एकरांची साग, अकेशिया, मँजियम किंवा निलगिरीची लागवड आणि बांधावरचे ऐन-किंजळ, एवढ्यापुरतीच ही उत्तरं आहेत. जमीन बहुतेक कोकण-घाटमाथ्यावरच्या उताराची धरली आहे. विदर्भातल्या काळ्या मातीसाठी जिथे फरक पडतो, तिथे तसं लिहिलं आहे.

१. साधन ठरवताना सुरुवात कशापासून करायची? ट्रॅक्टरच्या एचपीपासून?

एचपी सगळ्यात शेवटी. आधी दोन गोष्टी हव्यात: तुमच्याकडच्या सर्वात जड ओंडक्याचं वजन (प्रश्न २) आणि वाटेतला सर्वात वाईट टप्पा. दोनशे मीटर वाट सपाट असली तरी मध्ये वीस मीटरचा चढ किंवा पऱ्या (छोटा ओढा) आला, की साधन त्या वीस मीटरसाठी निवडायचं. तेवढ्या टप्प्यापुरता हाताने चालणारा विंच (दोर ओढणारं यंत्र, प्रश्न १०) लावून भागत असेल, तर बाकीच्या वाटेसाठी मोठं यंत्र घेण्यात अर्थ नाही. वाट एकदा मोकळी चालून पाहा: कुठे वळण आहे, कुठे गडगा (दगडी बांध) आहे, गाडी कुठपर्यंत येते.

२. ओंडक्याचं वजन कसं काढायचं? वखारवाला सांगतो त्या घनफुटावरून चालेल का?

चालेल, पण दुरुस्ती करून. वखारीत माप घेतात ते घेराच्या चौथाईने: घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. हे माप खऱ्या घनफळाच्या साधारण ७८.५ टक्केच भरतं. विक्रीला ते ठीक, पण वजन काढताना फसवतं. म्हणून चौथाईच्या घनफुटाला १.२७ ने गुणा आणि ताज्या तोडीच्या लाकडाला घनफुटामागे ३० किलो धरा.

उदाहरणार्थ, मधला घेर ४ फूट आणि लांबी १० फूट. चौथाईने १० घनफूट, खरे १२.७ घनफूट, म्हणजे सुमारे ३८० किलो. घेर ३ फूट असेल तर त्याच लांबीला २१५ किलोच्या आसपास. घेर एका फुटाने वाढला की वजन पाऊणपटीने वाढतं, हे नजरेच्या अंदाजाने कळत नाही. महिना-दोन महिने वाळलेलं लाकूड हलकं होतं, तरी साधन ताज्या वजनावरच ठरवा.

३. ३८० किलोचा ओंडका ओढायला ३८० किलोचा जोर लागतो का?

नाही. अख्खा ओंडका जमिनीवर घासत असेल तर सपाटीला वजनाच्या अर्ध्यापासून ७० टक्क्यांपर्यंत जोर लागतो. पुढचं टोक उचललेलं असेल तर ३५ ते ४० टक्के. चाकांवर घेतला तर कडक वाटेवर १० टक्क्यांच्या आत, भुसभुशीत मातीत २० पर्यंत.

चढ असेल तर त्याची भर पडते. पाच मीटरला एक मीटर चढ म्हणजे वजनाच्या आणखी २० टक्के. मग आपला ३८० किलोचा ओंडका सपाटीला घासत नेताना २३० किलो मागेल, त्या चढावर ३०० च्या वर, आणि तोच तोंड उचलून सपाटीला १४० वर येईल. तोंड उचलणं हा या कामातला सर्वात स्वस्त उपाय आहे आणि नेमका तोच लोक टाळतात.

उचलणं शक्य नसेल तेव्हा ओंडक्याच्या पुढच्या टोकाची कड कुऱ्हाडीने चारी बाजूंनी तासून गोल करा, म्हणजे ते मातीत रुतत नाही. किंवा प्लॅस्टिकच्या जुन्या पिंपाचा तळाकडचा अर्धा भाग कापून त्याला मध्ये भोक पाडा, दोर त्यातून ओवा आणि ही टोपी ओंडक्याच्या तोंडावर चढवा. मुळांवरून आणि दगडांवरून ओंडका घसरून पुढे जातो.

४. ओंडके आखूड कापले तर सगळंच सोपं होईल ना?

ओढणं सोपं होईल, भाव मात्र उतरेल. लांब, सरळ आणि जाड घेराच्या सागाला जो दर मिळतो, तो त्याच झाडाच्या दोन तुकड्यांना मिळत नाही. जळण, पॅकिंग किंवा लगद्याला जाणारं अकेशिया खुशाल आखूड करा. सागाचं माप ठरवण्याआधी गिऱ्हाइकाला लांबी विचारा, आणि प्रत्येक ओंडक्याला ५ ते ८ सेंमी जास्त ठेवा, कारण ओढताना टोकात खडे रुततात आणि ते टोक छाटल्याशिवाय करवतीला लावता येत नाही. कापायचं ते वन खात्याचा हातोड्याचा शिक्का बसण्याआधी (प्रश्न १९).

५. यंत्र न घेता, नुसत्या माणसांच्या बळावर कुठवर जाता येतं?

चार माणसं, दोन दांड्या, दोराचे झोळ: १०० ते १२० किलो, तेही सपाट वाटेने. विरळणीतले सोट असेच निघतात. त्याहून जड ओंडका पहारीने लोळवत न्यायचा तर आडव्या उतारावर लोळवू नका. निसटला की थांबवता येत नाही. माणगा किंवा इतर बांबूसाठी यंत्राचा विचारच नको, मोळ्या बांधून खांद्यावर किंवा गाड्यावर (प्रश्न १४) न्या.

६. बैलजोडी अजून परवडते का?

दाट लागवडीत, जिथे ट्रॅक्टर वळतच नाही, तिथे जोडीसारखं दुसरं साधन नाही. ८०० किलोची जोडी दिवसभर ८० ते १०० किलोच्या जोराने ओढू शकते. थोड्या अंतरासाठी झटक्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे तोंड तासलेला दोनशे किलोचा ओंडका शंभर मीटर, मध्ये थांबे घेत, जमतो. साखळी लांब ठेवा. उतारावर ओंडका बैलांच्या मागच्या पायांवर येऊ नये म्हणून तीव्र उतारावर जोडी वापरूच नका, किंवा मागून दोराने ओंडका रोखून धरणारा माणूस ठेवा. अडचण एकच: नांगराला शिकलेली जोडी ओंडक्याला शिकलेली असतेच असं नाही. साखळी ताणल्यावर ओंडका अचानक सुटला की बुजतात. (गडचिरोलीत कमलापूरचे हत्ती एके काळी हेच काम करत. तो पर्याय आपल्यापैकी कुणाकडे नाही.)

७. घरी पॉवर टिलर आहे. त्याने ओढता येईल?

जमिनीवर घासत, नाही. १२-१३ एचपीच्या टिलरला इंजिनाचा जोर पुरतो, पण त्याचं स्वतःचं वजन कमी असल्याने चाकं जागीच फिरतात आणि हँडल उचललं जातं. त्याच टिलरला ट्रॉली जोडून, ओंडके चढवून, कडक वाटेने नेणं हे त्याचं खरं काम. उतारावर स्टिअरिंग क्लच दाबताना टिलर उलट्या बाजूला वळतो हे चालवणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. भरलेल्या ट्रॉलीसह ही चूक महागात पडते.

८. मिनी ट्रॅक्टर घ्यावा की ४० एचपीचा?

ओढण्याची ताकद एचपीपेक्षा मागच्या चाकांवरच्या वजनावर ठरते. कोरड्या मातीत ट्रॅक्टर त्या वजनाच्या साधारण निम्मा जोर लावतो, ओल्यात त्याहून बराच कमी. मिनी ट्रॅक्टर ८००-९०० किलोचा; टू-व्हील ड्राइव्ह असेल तर जोर अडीचशे किलोच्या आसपास, फोर-व्हीलला चारशेपर्यंत. ४० एचपीचा ट्रॅक्टर १,८०० ते २,००० किलोचा, जोर ६०० किलोच्या आसपास. हे आकडे प्रश्न ३ च्या हिशेबाला लावून पाहा: चार फूट घेराचा दहाफुटी ओंडका मिनी ट्रॅक्टरला सपाटीवर जेमतेम आहे, तोंड उचललं तर आरामात.

दुसरा प्रश्न रुंदीचा. दोन मीटर अंतराच्या ओळींत सव्वा मीटर रुंदीचा मिनी फिरतो. मोठा ट्रॅक्टर आत शिरला तरी वळताना उभ्या झाडांची साल सोलतो. सागाला अशी जखम झाली की तिथून कीड आणि कूज आत जाते आणि पुढच्या दहा वर्षांचा भाव पडतो. वळणावर एक निरुपयोगी झाड किंवा जाड खुंट मुद्दाम ठेवा, ओंडका त्याला घासून वळू दे. ते शेवटी तोडा.

केवळ ओंडक्यांसाठी घ्यायचा असेल, तर दोन्ही नको (प्रश्न १७). शेतीसाठी घेणारच असाल तर फोर-व्हील मिनी घ्या आणि पुढे वजनं लावून घ्या.

९. ट्रॅक्टरला साखळी नेमकी कुठे बांधायची?

हे उत्तर वगळू नका. साखळी मागच्या अॅक्सलच्या मध्यापेक्षा खालीच, म्हणजे ड्रॉबारला (ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीला) लावायची. टॉप लिंकच्या (लिफ्टच्या वरच्या दांड्याच्या) खोबणीला, सीटखाली किंवा अॅक्सलला गुंडाळून लावली आणि ओंडका मुळात अडकला, तर चाकं थांबतात, पण इंजिन ट्रॅक्टरलाच मागच्या अॅक्सलभोवती फिरवतं. पुढची चाकं उचलली गेल्यापासून ट्रॅक्टर चालकावर उलटेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, क्लच दाबायला वेळ मिळत नाही.

लिफ्टच्या खालच्या दोन आर्म्समध्ये आडवा बार टाकून तोंड उचलत असाल तर ओंडका जमिनीपासून जेमतेम वीतभर वर ठेवा, म्हणजे जोराची रेषा खालीच राहते. बुंध्याकडचं जड टोक पुढे घ्या, साखळीचा फास टोकापासून ३०-४० सेंमीवर टाका. पहिल्या गिअरमध्ये, हळू क्लच सोडून सुरुवात. उतार सरळ उतरा, आडवा कापू नका, आणि उतारावर गिअर काढू नका. ओंडका अडकला तर जोर वाढवण्याऐवजी थांबा, खाली उतरून पहारीने सोडवा.

१०. टिरफोर म्हणजे काय आणि तो आमच्या कामाचा आहे का?

हाताने लिव्हर मागे-पुढे करून वायर दोर ओढणारं यंत्र. दुकानात ‘पुलिंग मशीन’ म्हणून मागितलं तरी देतात. ०.८, १.६ आणि ३.२ टनांत मिळतं. छोट्या झाडीसाठी ०.८ टनाचं पुरेसं आहे, कारण ८०० किलोचा जोर म्हणजे सपाटीवर टनाहून जड ओंडका. दोन एकरांच्या आत एकच वस्तू घ्यायची असेल तर हीच घ्या. डिझेल नको, उतार चालतो, ओंडका हवा तिथे थांबवता येतो.

उणं एकच, वेग. लिव्हरच्या एका फेरीत दोर ५ ते ७ सेंमी सरकतो, म्हणजे वीस मीटरला तीनशेच्या आसपास फेऱ्या. दिवसाला ४०-५० ओंडके काढायचे असतील तर दुसरं बघा.

जास्त भार आला की आतली शिअर पिन मुद्दाम तुटते. तिच्या जागी खिळा किंवा बोल्ट घालणारे आहेत. मग पिनेऐवजी दोर तुटतो. कंपनीच्या सुट्या पिना चार-पाच जवळ ठेवा. दोरही यंत्राबरोबर आलेल्याच जाडीचा हवा, एक मिलिमीटर बारीक असला तरी जबड्यातून निसटतो. मातीने जाम झालं तर रॉकेलमध्ये बुडवून धुवा आणि साधं तेल द्या; ग्रॅफाइटवालं ग्रीस नको, पकड जाते.

११. जीपला लावतात तो १२ व्होल्टचा विंच कसा?

थोड्या वेळापुरता छान. डब्यावर लिहिलेला जोर ड्रमवरच्या पहिल्या थरासाठी असतो. दोर जितका जास्त गुंडाळलेला तितका जोर कमी. पूर्ण भाराला तीनशे अँपिअरच्या पुढे करंट खेचतो, म्हणून मोटर मिनिटभर चालवून थंड होऊ द्यावी लागते आणि इंजिन चालू ठेवूनही बॅटरी उतरते. ड्रमवर चार-पाच वेढे नेहमी शिल्लक ठेवा. विंच नाही म्हणून जीपच्या हुकाला दोर बांधून ओढायचं असेल तर क्लच प्लेटचा खर्च आधीच हिशेबात धरा.

१२. दोर, साखळी, शॅकल: काय आणि किती जाडीचं?

इथे पैसे वाचवू नका. वायर दोर तुटण्याचा भार ढोबळमानाने ८ मिमीला साडेतीन ते चार टन, १० मिमीला सहा टन, १२ मिमीला आठ ते नऊ टन. वापरायचा त्याच्या पाचव्या भागापर्यंतच. म्हणजे मिनी ट्रॅक्टरला ८ मिमी चालतो, मोठ्याला १० मिमी घ्या.

साखळी ‘ग्रेड ८०’ मागा: ८ मिमीला २ टन, १० मिमीला ३.१५ टन सुरक्षित भार. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साखळी गुरांसाठी ठीक, या कामाला नाही. डी-शॅकलवर (पिनेने बंद होणाऱ्या डी आकाराच्या कडीवर) भार कोरलेला असतो. कोरलेला नसेल तर घेऊ नका. झाडाला गुंडाळायला पॉलिस्टरचा पट्टा: जांभळा १ टन, हिरवा २ टन, पिवळा ३ टन. फास करून लावला की त्याचा भार ८० टक्क्यांवर येतो.

वायर दोराला गाठ मारायची नाही, गाठीत निम्मी ताकद जाते. टोकाला डोळा करताना किमान तीन क्लॅम्प, दोराच्या जाडीच्या सहापट अंतरावर. क्लॅम्पचा यू-बोल्ट मोकळ्या, छोट्या टोकावर आणि खोगीर (क्लॅम्पचा खाचा असलेला जाड भाग) भार घेणाऱ्या दोरावर बसलं पाहिजे. उलटं बसवलेलं सर्रास दिसतं, आणि यू-बोल्ट भाराच्या तारा चिरडतो. पहिल्या ओढीनंतर नट पुन्हा आवळा.

नायलॉनचा दोर स्वस्त आणि हलका, पण तो ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा मागे येतो. कोणताही दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये, दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवावं. दोराच्या जाडीच्या दहापट लांबीत ५ टक्के तारा तुटलेल्या दिसल्या की दोर बाद.

१३. कप्पी लावली की जोर दुप्पट होतो, हे खरं का?

कप्पी कुठे आहे त्यावर. ओंडक्याला कप्पी लावून दोराचं टोक परत झाडाला बांधलं तर जोर जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा. कप्पी झाडाला लावून दोर फक्त वळवला तर जोर तेवढाच राहतो, दिशा बदलते. आणि त्या झाडावर मात्र दुप्पटीपर्यंत भार येतो. ५०० किलोने ओढताना झाडाला हजार किलो लागू शकतात, तेव्हा जांभ्यावरचं उथळ मुळांचं अकेशिया आधाराला घेऊ नका. पट्टा बुंध्याशी, अगदी खाली बांधा. दोर वळतो त्या कोनाच्या आतल्या बाजूला कधीही उभं राहायचं नाही.

१४. दोनचाकी गाडा (लॉग आर्च) गावात करून मिळतो का?

फॅब्रिकेशनवाला दोन दिवसांत करून देतो. दोन चाकं, त्यांवर कमान, कमानीला साखळी किंवा चिमटा, आणि पुढे दीड-दोन मीटरची दांडी. दांडी वर करून गाडा ओंडक्यावर न्यायचा, साखळी आवळायची, दांडी खाली दाबली की ओंडका उचलला जातो. दोनशे किलोपर्यंत दोन माणसांना पुरे. साखळी ओंडक्याच्या मध्याच्या किंचित पुढे टाका. मागचं टोक घासत राहू दे, उतारावर तोच ब्रेक. चाकं मोठी घ्या, जुन्या मोटरसायकलची चालतात. हातगाडीची बारीक चाकं पहिल्याच मुळावर अडतात.

१५. ट्रॉलीत ओंडके चढवायचे कसे?

दोन जाड बल्ल्या ट्रॉलीला तिरक्या लावा: ट्रॉली ८० सेंमी उंच असेल तर बल्ल्या किमान २.४ मीटर. दोन दोर ट्रॉलीला बांधून ओंडक्याच्या खालून घ्या आणि वरून परत ट्रॉलीच्या पलीकडे ओढा. ओंडका लोळत चढतो आणि उताराचा व दोराचा फायदा धरून ३८० किलोला ६५ किलो अधिक घर्षण एवढाच जोर लागतो. दोन्ही दोर सारख्या वेगाने ओढा, नाहीतर ओंडका तिरका होऊन एका बल्लीवरून सुटतो. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली, चाकांना दगड, आणि ज्या बाजूने चढवता तिच्या चेसिसखाली ठोकळा. ओंडक्याच्या खालच्या बाजूला कुणीही नाही.

तिपाई आणि एक टनाचा चेन ब्लॉक (हाताने साखळी ओढून भार उचलणारं यंत्र) हा दुसरा मार्ग. हळू, पण दोन माणसांत होतो. तिपाईचे पाय दोराने एकमेकांना बांधा, जांभ्यावर ते फाकतात.

१६. जेसीबी बोलावून एका दिवसात संपवलं तर?

रस्त्याकडेला आणलेले ओंडके ट्रकमध्ये भरायला उत्तम. झाडीत घालायला नाही: साडेसात टनांच्या वजनाने माती दाबली जाते, बांध फुटतात, आणि सागाच्या बुडख्यातून येणारे फुटवे चिरडतात. बकेटच्या दातांना साखळी अडकवून उचलू देऊ नका, ती घसरते. बकेटला वेल्ड केलेला हुक आहे का ते आधी विचारा.

१७. विकत घ्यावं की भाड्याने?

दोर, पट्टे, कप्पी, शॅकल आणि टिरफोर विकत; इंजिनवालं सगळं भाड्याने. अंगाशी येणाऱ्या वस्तू आपल्या देखरेखीत असाव्यात, आणि त्या वर्षभर इतर कामांनाही येतात. भाड्याचा ट्रॅक्टर तासावर असतो, म्हणून तो येण्याआधी सगळे ओंडके टिरफोरने किंवा गाड्याने एका जागी आणून ठेवा. ट्रॅक्टर झाडीत एकेका ओंडक्यामागे फिरू लागला की भाडं लाकडाच्या किमतीला भिडतं.

१८. पावसाळ्यात काम करता येईल?

टाळा. पाऊस थांबल्यावर जांभ्याची वाट आठ-पंधरा दिवसांत कडक होते, काळ्या मातीला दिवाळीपर्यंत थांबावं लागतं. मेमध्ये माती छान, पण वाळक्या पाचोळ्यात ट्रॅक्टरचा सायलेन्सर आणि चेनसॉ वणवा लावू शकतात. पाण्याचं पिंप जवळ हवं.

१९. आपल्याच जमिनीतले ओंडके न्यायला परवानगी कशाला?

साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस अशी झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत आहेत, मालकीच्या जमिनीतही तोडीची परवानगी लागते. नंतर ओंडक्यांवर हातोड्याचा शिक्का आणि भारतीय वन अधिनियम १९२७ खालच्या नियमांप्रमाणे वाहतूक परवाना. काही प्रजातींना सूट आहे. तुमच्या झाडांबद्दल वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा. वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ पासून कायद्याने ‘झाड’ राहिलेला नाही.

साधनांशी याचा संबंध एवढाच: शिक्का टोकावर असतो. तो बसल्यावर ओंडका आखूड केला किंवा तोंड तासलं, तर शिक्का आणि नोंदवलेलं माप दोन्ही जुळत नाहीत आणि नाक्यावर गाडी अडते. तासणी, टोक छाटणी आधी. शिक्का घेतल्यावर टोपी (प्रश्न ३) वापरा.

२०. तोडलेलं झाड दुसऱ्या झाडात अडकलं. ट्रॅक्टरने ओढून पाडू का?

पाडता येतं, पण वरून नाही, बुंध्याकडून. झाड ज्या दिशेला कललं आहे, त्याच्या उलट दिशेने बुंधा मागे खेचायचा, म्हणजे शेंडा फांद्यांतून सरकत सुटतो. दोर झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब घ्या, ट्रॅक्टर आणि माणसं शेंडा पडण्याच्या टप्प्याबाहेर. टिरफोर असेल तर तोच जास्त बरा, कारण सेंटिमीटर-सेंटिमीटरने ओढून थांबून बघता येतं. ज्या झाडात अडकलं ते तोडायचं नाही, आणि अडकलेल्या झाडाखाली शिरून त्याचे तुकडे करायचे नाहीत. संध्याकाळ झाली असेल तर भोवती दोर बांधून, फांदी आडवी टाकून वाट बंद करा आणि सकाळी ओढा.